रुबेचे दगडी रस्ते: टायर कुठला, हवा किती, आणि मनगटाचं काय?

घाटमाथा७८

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज.

मूळचा पुण्याचा, चार वर्षं झाली नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला आहे. एप्रिलमध्ये पॅरिस-रुबे (उत्तर फ्रान्समधल्या जुन्या दगडी रस्त्यांवरची सायकल रेस) रेसच्या आदल्या दिवशी आपल्यासारख्यांसाठी जी राइड असते ना, त्यातल्या १४५ किलोमीटरला मी आणि ऑफिसमधला एक मित्र नाव द्यायचं म्हणतोय. अंतराची धास्ती नाही, बीआरएमच्या (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) २०० आणि ३०० किलोमीटर झाल्यात, पुण्यात असताना सिंहगड-पानशेत दर रविवारचं होतं, आणि तिकडे तर सगळं सपाटच. धास्ती आहे ती दगडांची. मागच्या महिन्यात इथल्या एका गावात जेमतेम दोनशे मीटर जुना दगडी रस्ता लागला, तेवढ्यात बाटली उडून गवतात गेली आणि घरी येईपर्यंत उजवं मनगट ठणकत होतं (कॉलेजात असताना फ्रॅक्चर झालं होतं तेच). आणि तिकडे पूर्ण रेसमध्ये म्हणे असे पंचवीस-तीस तुकडे, काही तर दोन-तीन किलोमीटरचे!

सायकल एन्ड्युरन्स रोड बाइक, कार्बन फ्रेम, डिस्क ब्रेक. सध्या २८ चे (मिलिमीटर रुंद) टायर, आत ट्यूब, फ्रेममध्ये ३२ पर्यंत जागा आहे. माझं वजन ७८. दुकानात सांगितलं की दगडावर ट्यूब चिमटते म्हणून हवा ठासून भर, ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेव. पटत नाहीये. ज्यांनी प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी सांगा.

ओवी_ब्रसेल्स

दादा, २८ काढा आणि ३२ लावा, बाकी सगळं नंतर.

मी दोनदा केलीय. पहिल्या वर्षी मलाही असंच कोणीतरी सांगितलं होतं आणि मी २८ वर ८० भरून गेले. तिसऱ्या सेक्टरवर (दगडी रस्त्याच्या एकेका तुकड्याला सेक्टर म्हणतात) पहिलं पंक्चर, त्यानंतर तासाभरात दुसरं, आणि मोंस-आं-पेवेलच्या सेक्टरआधी तिसरं, तेव्हा एका बेल्जियन आजोबांनी स्वतःकडची ट्यूब दिली म्हणून पोचले. टायर दगडासारखा कडक असला की प्रत्येक धक्का तुमच्या हातात येतो आणि सायकल जमिनीवर कमी, हवेत जास्त असते. दुसऱ्या वर्षी ३२ ट्यूबलेस (आत ट्यूब नसते, पातळ सीलंट भोक बुजवतं), हवा पुढे ४२ मागे ४५, माझं वजन ५८. एकही पंक्चर नाही. तुमच्या वजनाला मागे ५५ आणि पुढे ५० पासून सुरुवात करा आणि मग दोन-दोनने कमी करत बघा.

आता चालवायचं कसं. ह्या रस्त्यांचा आकार कासवाच्या पाठीसारखा असतो, मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता, आणि वर्षानुवर्षं ट्रॅक्टर जाऊन चाकांच्या जागी दोन खोल घळी पडलेल्या. जायचं ते त्या पाठीवरून, मधोमध. कडेला मातीची छान सपाट पट्टी दिसते, मोह होतो, कोरड्या दिवशी चालतंही, पण तिथेच अणकुचीदार खडे आणि गवताखाली लपलेले खड्डे असतात, माझं पहिलं पंक्चर तिथलंच.

सेक्टर सुरू व्हायच्या आधी वेग वाढवा, एक-दोन गियर जड करा आणि आत शिरल्यावर पेडल थांबवू नका. वेग असला तर चाक दगडांच्या डोक्यांवरून जातं, वेग गेला की एकेक दगड वेगळा लागायला लागतो आणि मग तिथून परत वेग घेणं महाकठीण. आत असताना ब्रेक नाही. बूड थोडं मागे, आणि हात हँडलच्या वरच्या आडव्या भागावर सैल. म्हणजे पोळी लाटताना लाटण्यावर जेवढा हात ठेवतो ना तेवढाच. घट्ट धरलं की संपलं, खांद्यापर्यंत सगळं भरून येतं. सायकल जरा इकडेतिकडे जाईल, जाऊ द्या.

आरेनबर्गच्या सेक्टरचं वेगळं सांगते. तोंडाशी जुन्या कोळसा खाणीचे लोखंडी मनोरे उभे आहेत, तिथून दोन्ही बाजूंना जंगल आणि मधे दोरी ताणल्यासारखा सरळ रस्ता, सव्वादोन किलोमीटरच्या वर. सुरुवातीला किंचित उतार आहे, त्यामुळे आपण वेगात शिरतो आणि पहिले दगडच सगळ्यात वाईट. सावलीमुळे ओल जात नाही, फटींमध्ये शेवाळ. चेन फ्रेमवर आपटत असते, घड्याळावरचे आकडे वाचता येत नाहीत कारण नजरच हलत असते. मी बाहेर आले तेव्हा बोटं हँडलच्या आकारातच वळलेली होती, दुसऱ्या हाताने सरळ केली. आणि तरी मागे वळून परत जावंसं वाटलं, खरंच.

फ्रीव्हील_नाशिक

ओवीताई, फार छान लिहिलंत. मी तिकडे गेलेलो नाही, वय ६१, पण ही रेस एकही वर्ष चुकवत नाही, म्हणून थोडं रस्त्यांबद्दल लिहितो, माहीत असलं की चालवताना वेगळं वाटेल.

रुबे हे कापडाचं गाव, गिरण्यांचं, आपलं इचलकरंजी समजा. तिथल्याच दोन गिरणीमालकांनी वेलोड्रोम (सायकल शर्यतीचं मैदान) बांधला आणि १८९६ मध्ये पॅरिसपासून तिथपर्यंत रेस सुरू केली. तेव्हा दगडी रस्ते हे काही मुद्दाम शोधलेलं संकट नव्हतं, रस्ते असेच असायचे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये रेस परत सुरू करायची म्हणून मार्ग बघायला जे लोक गेले त्यांना वाटेत उद्ध्वस्त गावं आणि जळकी झाडं दिसली, 'उत्तरेतला नरक' हे नाव तेव्हाचं आहे. लोकांना वाटतं दगडांमुळे पडलं, तसं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर गावोगावी डांबर यायला लागलं. टीव्हीवर आपल्या गावचा खराब रस्ता दिसतो ह्याची तिथल्या पुढाऱ्यांना लाज वाटायची, त्यामुळे ६० च्या दशकात दगडी तुकडे भराभर नाहीसे होत होते आणि आयोजकांवर ते शोधत फिरायची वेळ आली. आरेनबर्ग १९६८ ला आलं ते जां स्टाब्लिन्स्कीमुळे. हा जगज्जेता सायकलपटू, पण लहानपणी त्याच खाणीत कामाला होता, म्हणजे ज्या रस्त्यावरून तो पुढे रेसमध्ये गेला त्याच्या खालीही त्याने काम केलेलं! मला दरवर्षी तो रस्ता आला की हेच आठवतं.

आज हे दगड टिकलेत ते 'पॅरिस-रुबेचे मित्र' नावाच्या संस्थेतल्या लोकांमुळे, हौसेने येतात, निघालेले दगड हाताने परत बसवतात. २००५ ला आरेनबर्ग इतकं बिघडलं होतं की रेसमधून वगळावं लागलं, दुरुस्ती करून २००६ ला परत आलं. मधे तर फटींतलं गवत काढायला बकऱ्या सोडल्या होत्या. जिंकणाऱ्याला कप नाही, असाच एक दगड मिळतो. एवढं सगळं असताना येणारे लोक आठवण म्हणून दगड उचलून नेतात ह्याचा मनापासून राग येतो. तुम्ही दोघं जाताय तर फोटो हजार काढा, दगडाला हात लावू नका.

चेनरिंग५२

३२ ला शंभर टक्के सहमत, ट्यूबलेसला नाही. आधी कधी वापरलं नसेल तर ह्या राइडसाठी नव्याने सुरू करू नका, रस्त्यात सीलंटने हात माखून टायर चढेना अशी अवस्था मी बघितलीय. ३२ मध्ये चांगली ट्यूब, ६० ते ६५ पीएसआय, दोन जास्तीच्या ट्यूब खिशात.

एक गोष्ट कोणी सांगितली नाही ती म्हणजे सायकल खिळखिळी होते. आदल्या रात्री एकूण एक बोल्ट बघा, हेडसेट (हँडल जिथे फिरतं तो जोड) बघा, बाटलीचा पिंजरा आतल्या बाजूने वाकवून घट्ट करा किंवा आतून चिकटपट्टी लावा. सीटखालची पिशवी तर नकोच, हमखास गळून पडते. बारटेप (हँडलवरची पट्टी) डबल गुंडाळा, आणि ती एक दिवस आधी नाही, दोन आठवडे आधी, म्हणजे जाड पकडीची सवय होईल. २०२१ ला बायकांची पहिली रेस झाली ना, लिझी डेनन ८० किलोमीटरच्या वर एकटी पुढे राहून जिंकली, तिच्या हँडलवर रक्ताचे डाग होते. तळव्याला फोड येतातच, ग्लोव्ज घालून सराव करा.

आणि सपाटला सोपं समजू नका. घाटात चढ संपला की उतार मिळतो, पाय मोकळे होतात. तिकडे बीट आणि बटाट्याची उघडी शेतं, ना झाड ना आडोसा, आडवा वारा सुटला की दिवसभर पेडल मारतच राहायचं. दोघं आहात तर आळीपाळीने पुढे राहा.

घाटमाथा७८

सगळ्यांचे खूप आभार, एवढं डिटेल मिळेल असं वाटलं नव्हतं. काका, दगडाला हात लावणार नाही, शब्द. ३२ ऑर्डर केलेत, ट्यूबच ठेवतो. दोन शंका उरल्यात, मनगट आणि पाऊस.

ओवी_ब्रसेल्स

पावसाचं असं की पुरुषांची रेस २००२ नंतर ओल्यात झाली ती थेट २०२१ ला, त्यामुळे कोरडं मिळायची शक्यता बरी आहे. पण ओलं असेल तर मधली पाठ साबणासारखी होते आणि घळींमध्ये चिखल, तेव्हा आरेनबर्गला हट्ट करू नका, बेल्जियन रेसर योहान म्युसेऊची गुडघ्याची वाटी १९९८ मध्ये तिथेच फुटली, जखम चिघळून पाय जातो की राहतो इथपर्यंत गेलं होतं. परत येऊन २००० आणि २००२ ला जिंकला तो, पण आपल्याला सोमवारी ऑफिस आहे.

मनगटाचं मात्र इथे विचारून कळणार नाही. आधी डॉक्टरला दाखवा आणि मग नाव देण्यापूर्वी एक शनिवार तिथल्या जवळच्या लील शहराला या. हे साधे शेतातले रस्ते आहेत, वर्षभर उघडे. लीलपासून पंधरा-वीस किलोमीटरवर काँफँ-आं-पेवेलचा सेक्टर आहे, १.८ किलोमीटर, आणि त्याला जवळजवळ लागूनच कार्फूर द लार्ब्र, २.१ किलोमीटर, पाच स्टारचा, म्हणजे सगळ्यात कठीण तिघांपैकी एक. दोन्ही लागोपाठ चालवा, दहा मिनिटं थांबा आणि परत एकदा. दुसऱ्या फेरीनंतर ब्रेकचा लिव्हर नीट दाबता येतोय का ते बघा. येत असेल तर १४५ ला नाव द्या, नाहीतर ह्या वर्षी ७० किलोमीटरची करा, तीही रुबेच्या वेलोड्रोममध्येच संपते.

घाटमाथा७८

हे बेस्ट. येत्या १४ तारखेला जातोय दोघं. त्या भागात पाणी वगैरे मिळतं का?

ओवी_ब्रसेल्स

दोन बाटल्या भरूनच निघा, रविवारी गेलात तर गावातली दुकानंही बंद असतात. आणि पुढच्या पिंजऱ्यातली आधी संपवा, तीच आधी उडते. मी त्या शनिवारी मोकळी आहे, कार्फूरच्या टोकाला भेटते, माझ्याकडे प्रेशर गेज आहे, तिथेच दोन-दोनने हवा सोडून बघू.