मदत हवी आहे : माफी मागताना ते "पण" सुटत नाही
सर्वांना जय ख्रिस्त. नाताळात करंज्यांवरून वहिनीला सगळ्यांसमोर टाकून बोललो, मग दादाही मला नको नको ते बोलला, तेव्हापासून अबोला. चर्चमधे एकाच बाकावर बसायचो, आता तो मागे जाऊन बसतो. परवा प्रभुभोजनाला (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी) प्याला हातात घेतला आणि बायबलमधलं मत्तय 5:23-24 आठवलं, अर्पण ठेव, आधी भावाशी समेट कर, हात थरथरला राव, तसाच परत ठेवला. मेसेज टाइप करतो पण "सॉरी, पण तू पण..." असंच होतं, मग डिलीट. येशूने त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेपण पाय धुतले (योहान 13), मला एक मेसेज जमेना. बायको म्हणते दरवेळी तुम्हीच पडतं घेता, तेही खोटं नाही. नम्रता आणि लाचारी यातला फरक कसा ओळखायचा? कोणी असं मिटवलंय का, पहिलं वाक्य काय बोललात ते सांगा प्लीज.