शब्दचर्चा: 'ड्रम कोर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

माझी पुतणी विस्कॉन्सिनमध्ये असते. यंदाचा अख्खा उन्हाळा ती तिथल्या एका 'ड्रम कोर'बरोबर, म्हणजे ढोल आणि पितळी वाद्यांच्या ताफ्याबरोबर, गावोगावच्या स्पर्धा करत फिरते आहे. तिच्याकडे काम आहे 'कलर गार्ड'चं. इकडे माझी आई रोज विचारते, "पोर तिकडे करते तरी काय?" मी 'बँड' म्हटलं, तर तिला वरातीतला बँड वाटला. 'रंगरक्षक' म्हटलं, तर म्हणाली, "रंगाची राखण कसली करायची?" वर्तमानपत्रांत 'कॉर्प्स' असं छापलेलं दिसतं, पुतणी 'कोर' म्हणते. उच्चार कुठला खरा, आणि मराठीत काय म्हणू?

उत्तर

उच्चार पुतणीचा बरोबर आहे. लॅटिनमधल्या 'कॉर्पस' म्हणजे शरीर या शब्दापासून हा शब्द (corps) फ्रेंचमध्ये आला आणि तिथून इंग्रजीत. लिहिताना मागची अक्षरं राहिली, बोलताना गळाली. अनेकवचनाचं लेखनही तेच, फक्त उच्चारात शेवटी 'झ' येतो. आपल्या लष्कराच्या बातम्यांत 'कोअर' असते ती हीच. 'कॉर्प्स' असं वाचलं की इंग्रजीतला प्रेताचा शब्द कानावर पडतो, म्हणून ते टाळावंच.

मराठी शब्द मी बेधडक 'पथक' सुचवेन. केवळ ढोल-ताशा पथक ओळखीचं आहे म्हणून नव्हे. जुन्या मराठीत पथक म्हणजे सरदाराच्या हाताखालची घोडेस्वारांची तुकडी. लष्करातून निघून हा शब्द झांज पथक, लेझीम पथक, गोविंदा पथक असा गल्लीबोळांत आला. 'कोर'चा प्रवास अगदी असाच झाला आहे. पहिल्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी 'अमेरिकन लीजन' आणि 'व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स' या संघटनांच्या गावोगावच्या शाखांमधून ढोल आणि बिगुलांचे ताफे उभे केले. छावणीत इशारे देणारी वाद्यं रविवारच्या संचलनात आली, आणि संघटनांच्या वार्षिक अधिवेशनांत चुरशीच्या स्पर्धा होऊ लागल्या. पुढे चर्च आणि स्काउट यांनी मुलांची पथकं काढली. न्यू जर्सीतल्या गारफिल्डमध्ये १९३४ साली होली नेम चर्चचं पथक निघालं, विस्कॉन्सिनमध्ये १९३८ साली मॅडिसन स्काउट्स.

नावंच पाहा ना. वायोमिंगमधल्या कॅस्पर गावात १९५७ साली 'ट्रूपर्स' निघालं. ट्रूपर म्हणजे घोडदळातला शिपाई, आणि त्यांचा गणवेशही जुन्या अमेरिकन घोडदळाचा. शिकागोकडचे 'कॅव्हेलिअर्स', तेही मुळात घोडेस्वारच. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराचं 'व्हॅनगार्ड' म्हणजे सैन्याच्या पुढे चालणारी तुकडी. तिला आपल्याकडे नेमका शब्द आहे: बिनी! बिनीवाले हे आडनाव आणि 'बिनीचा शिलेदार' हा वाक्प्रचार त्यातूनच आले. 'सांता क्लाराची बिनी' असं मनाशी म्हणून पाहा. परकं काहीच वाटत नाही.

एक शंका

'चमू' का नको? तोही मूळ संस्कृतात सैन्यवाचकच आहे. शिवाय पुण्याच्या माणसाला 'पथक' म्हटलं की डोळ्यांसमोर लक्ष्मी रस्ता येणार, त्याचं काय करायचं?

उत्तर

'चमू' आता क्रिकेटच्या मैदानावर गेला, त्यात वाद्य ऐकू येत नाही. लक्ष्मी रस्त्याबद्दलचा आक्षेप मात्र मला मान्य आहे, म्हणून नुसतं पथक न म्हणता 'ढोल-बिगूल पथक' म्हणावं. मूळ नावही 'ड्रम अँड बिगूल कोर' असंच आहे. 'ड्रम कोर' हा त्याचा बोलण्यातला संक्षेप. ताशा शब्द इथे घुसवू नये. आपला ताशा एकतोंडी, वाडग्यासारख्या भांड्याचा. त्यांच्या 'स्नेअर' नावाच्या ढोलाला दोन तोंडं असतात आणि खालच्या कातड्यावर तारा ताणलेल्या, त्यांचा चरचरीत आवाज हीच त्याची ओळख. आपले बँडवाले त्याला साइड ड्रम म्हणतात, तोच शब्द चालवावा.

बिगुलाबद्दलही एक सांगायला हवं. साध्या बिगुलातून ओठांच्या ताणावर मोजकेच सूर निघतात. स्पर्धा वाढल्या तसे त्याला वॉल्व्ह, म्हणजे सूर बदलणाऱ्या कळा, बसत गेले, आणि वाद्यं 'जी' पट्टीतलीच हवीत हे बंधनही २००० सालापासून गेलं. आज बिगुलाच्या जागी ट्रम्पेट आणि इतर पितळी वाद्यं असतात. लाकडी फुंकवाद्यं, म्हणजे क्लॅरिनेट, बासरी वगैरे, आजही नाहीत. शाळा-कॉलेजांच्या मार्चिंग बँडपासून ही पथकं आपल्याला वेगळी मानतात, म्हणून 'बँड' हा शब्द त्यांना लावू नये.

दुसरी शंका

मी या विषयावर एक टिपण करतो आहे. मथळ्यात 'रीजनल' आहे, त्याला 'प्रादेशिक' लिहिलं तर चालेल?

उत्तर

संदर्भ पाहून ठरवा. हंगामाच्या मधल्या टप्प्यावर जी मोठी स्पर्धा असते ती 'विभागीय'. आपल्या नाट्यस्पर्धांमुळे हा शब्द रुळलेला आहे. पण कुठल्या भागातली पथकं कधी वरचढ होती हे सांगायचं असेल तर 'प्रांतोप्रांतीचा इतिहास' म्हणा. 'प्रादेशिक'मध्ये भाषा आणि पक्ष यांचा वास येतो.

आणि हा इतिहास खरोखर प्रांतांचाच आहे. मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया हा पूर्वेचा पट्टा जुना आणि मातब्बर. मध्य-पश्चिमेत इलिनॉय आणि विस्कॉन्सिन. नियम, परीक्षण, मानधन सगळं माजी सैनिकांच्या संघटनांच्या हाती होतं, ते १९७१ साली पथकांच्या संचालकांनी आपल्या हातात घ्यायचं ठरवलं. त्यातून 'ड्रम कोर इंटरनॅशनल' उभी राहिली. १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी तिची पहिली अंतिम स्पर्धा झाली. यजमान प्रांत मध्य-पश्चिमेतला, पण जिंकलं कॅलिफोर्नियातलं अनाहाइम किंग्जमेन. तिथून १९८२ पर्यंतच्या ११ विजेतेपदांपैकी १० कॅलिफोर्नियाने नेली. एकटं १९७५ सालचं मॅडिसन स्काउट्सकडे गेलं. पूर्वेला थेट १९८३ पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा जिंकलं ते वर सांगितलेलं गारफिल्डचं पथक, आणि सलग ३ वर्षं जिंकलं. चर्चच्या आवारात निघालेल्या पथकाने एवढी वाट पाहून हे मिळवलं, हे वाचताना मला आजही भरून येतं.

'टिक' हा त्यांचा शब्द टिपणात जरूर घ्या. परीक्षक वादकांच्या रांगांमध्ये शिरून प्रत्येक चुकीला कागदावर एक खूण करायचे, आणि एका खुणेला गुणाचा दहावा भाग कापला जायचा. १९८४ पासून ही पद्धत गेली. मराठीत 'टिक'च ठेवा, 'चूकखूण' वगैरे बनवू नका.

मूळ प्रश्नकर्ती

पथक पटलं. कलर गार्डचं मात्र राहिलं.

उत्तर

हो, तेच सगळ्यात महत्त्वाचं. लष्करी इंग्रजीत 'कलर' म्हणजे रंग नव्हे, पलटणीचं निशाण. कलर गार्ड म्हणजे निशाणाभोवतीची तुकडी. म्हणून 'रंगरक्षक' चूक, 'निशाणपथक' किंवा 'ध्वजपथक' बरोबर. आज त्या मुली-मुलं निशाणं नुसती धरत नाहीत. ती फिरवतात, उंच उडवून झेलतात, लाकडी रायफलीही उडवतात, आणि संगीताचा आशय अंगाने दाखवतात. पण नाव निशाणाचंच राहिलं आहे.

मूळ प्रश्नकर्ती

काल रात्री आईला सांगितलं, "ती ढोल-बिगूल पथकात निशाण घेऊन असते." आई आळंदीच्या वारीत ३० वर्षं चाललेली आहे. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग पताकावाली म्हण की. दिंडीत पुढे चालतात तशी." आज सकाळी पुतणीशी व्हिडिओवर बोलताना पहिला प्रश्न तिने विचारला, "पताका जड नाही ना गं?"