मदत हवी आहे: आईला नसलेली माणसं दिसतात

आईचं वय ७८. मॅक्युलर डिजनरेशन या डोळ्यांच्या आजारामुळे दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेलीय, कडेकडेचं तेवढं दिसतं. महिनाभरापासून संध्याकाळी तिला पडद्याजवळ टोप्या घातलेली बुटकी माणसं दिसतात. आवाज नाही, काही नाही. परवा खुर्चीवर बसायच्या आधी तिने हाताने चाचपून पाहिलं, कोणी बसलंय का म्हणून! ती खरी नाहीत हे तिला पक्कं ठाऊक आहे, पण 'वेड लागलं म्हणतील' या भीतीने इतके दिवस गप्प होती.

डॉक्टर म्हणाले, चार्ल्स बॉने सिंड्रोम. डोळ्यांकडून येणारी माहिती कमी झाली की मेंदूचा दृष्टीचा भाग आपणहून चित्रं तयार करतो. हा स्मृतिभ्रंश नव्हे. (ज्याच्यावरून हे नाव पडलं त्या बॉनेने १७६० मध्येच स्वतःच्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलंय.) दिवा लावला की माणसं बहुतेक वेळा जातात.

माझी अडचण वेगळीच आहे. हल्ली कुणी आलं की ती आतल्या खोलीत जाऊन बसते, बोलणंही तुटक झालंय. तुमच्या घरात कुणाला असं झालंय का? ती "आले बघ" म्हणाली की मी काय बोलू?