मदत हवी आहे: ट्रेकिंग बुटांचा सोल सुटला, वरचा बूट ठणठणीत. दुरुस्त होईल का?

मंडळी, नमस्कार. मुक्काम पुणे.

घोट्यापर्यंतचे चामडी ट्रेकिंग बूट आहेत, सात-आठ वर्षं जुने. करोनानंतर डोंगरात जाणं कमी झालं आणि ते बहुतेक काळ माळ्यावर खोक्यातच होते. गेल्या रविवारी राजगडाच्या चोर दरवाजाने उतरताना उजव्या बुटाची टाच सुटली. गुंजवण्यात पोचेपर्यंत डाव्यानेही आ वासला. लेस सोलाखालून घेऊन बांधली आणि कसाबसा खाली आलो.

गंमत म्हणजे तळाचं काळं रबर झिजलेलंच नाही, नक्षी अजून खोल आहे. चामडं, शिवण, आतलं अस्तर, सगळं जागेवर. फक्त मधला राखाडी फोमसारखा थर नखाने खरवडला की भुगा होऊन पडतो.

कोपऱ्यावरचे मोचीकाका म्हणाले, सोल्यूशन लावून कडेने शिलाई मारतो, दीडशे रुपये द्या. बुटांच्या दुकानात 'फेकून द्या' एवढंच ऐकायला मिळालं. एवढं चांगलं चामडं कचऱ्यात टाकायला जीव होत नाही. शिलाई टिकेल का? की मधला थरच बदलता येतो? आणि नंतर ओल्या कातळावर भरवसा ठेवता येईल का? नवे बूट कोणते घ्यावेत हे कृपया सुचवू नका, त्यावर ढिगाने धागे आहेत.

प्रतिसाद १
फेविक्विक लावलं नाहीत ना? ते कडक होतं आणि बूट वाकला की तडकतं.

प्रतिसाद २
हे झिजणं नव्हे. मधला थर पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असणार. हवेतल्या बाष्पाने त्याचं हळूहळू विघटन होतं, याला हायड्रोलिसिस म्हणतात. बूट न वापरताही हे होतं. बंद खोकं आणि आपला पावसाळा म्हणजे तर आयतंच निमंत्रण. एका बुटाचा सोल गेला की दुसऱ्याचाही लवकरच जातो तो यामुळेच, वय सारखं ना!

त्या भुग्यावर सोल्यूशन लावणं म्हणजे पोपडे आलेल्या भिंतीवर रंग देणं. कडेची शिलाई चालते ती स्पोर्ट्स शूजना, कारण तिथे सोलाची रबरी भिंत वर आलेली असते आणि दोऱ्याला धरायला जागा मिळते. तुमच्या बुटात दोरा फोम कापत जाईल.

मधला थर बदलता येतो. पीयू मुळापासून खरवडून काढायचा, त्या जागी ईव्हीएची (रबरासारख्या लवचिक फोमची) जाड शीट कापून बसवायची, कडा ग्राइंडरवर घासायच्या आणि खाली तुमचंच जुनं रबर लावायचं. ईव्हीए असा भुगा होत नाही, वर्षानुवर्षं दबून चपटं होतं इतकंच. काकांकडे ग्राइंडर आहे का ते आधी विचारा. टाचेकडची जाडी पूर्वीइतकीच ठेवायला सांगा, नाहीतर उतारावर पोटऱ्या बोंबलतील.

प्रतिसाद ३
टायरचा सोल मात्र लावून घेऊ नका. तो झिजत नाही हे खरं, पण शेवाळलेल्या कातळावर पार घसरगुंडी. जुनं रबर नखाने दाबून बघा, दबत असेल तर तेच ठेवा. दगडासारखं झालं असेल तर मात्र नवं लावा.

धागाकर्ता
आभार! रबर दबतंय. काकांकडे ग्राइंडर आहे, ईव्हीएची शीट मी आणून द्यायची असं ठरलं. त्यांनी रापीने उजव्या बुटाचा पीयू काढला, तर आत दुमडलेल्या चामड्याच्या मधोमध पुठ्ठ्यासारखी पट्टी दिसली. तीही काढू का, असं ते विचारतायत.

प्रतिसाद २
अजिबात नको! वरचं चामडं ताणून तिच्यावरच चिकटवलेलं असतं, ती काढली तर बुटाचा आकारच जाईल. ओलसर असेल तर सावलीत वाळू द्या, उन्हात नको. सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मगच जोडून ठोकायचं. त्यानंतर दिवसभर बूट घालू नका, आणि पहिला ट्रेक पर्वतीचा करा.