फ्रीहोल्डर म्हणजे मिरासदार? आणि कमिशनर म्हणजे आयुक्त?

एडिसन, न्यू जर्सी
आईला नुकतंच इथलं नागरिकत्व मिळालं. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवरचे शब्द तिला मराठीत सांगत होतो. काउंटी म्हणजे इथला जिल्हा, आणि तिच्या निवडून आलेल्या मंडळाचा सदस्य म्हणजे ‘काउंटी कमिशनर’. त्याला ‘काउंटी आयुक्त’ म्हणालो, तर म्हणे, “आयुक्ताला कोणी मत देतं का रे?” त्यात आमचे शेजारी त्याला अजून जुन्या नावाने ‘फ्रीहोल्डर’ म्हणतात. दोन्हींना नेमका शब्द सुचवा. आणि मंडळाला ‘काउंटी विधान परिषद’ म्हणावं का?

पुणे
विधान परिषद नकोच. आपल्याकडे ते राज्याच्या वरिष्ठ सभागृहाचं नाव. तुमचं मंडळ एकच, त्याला वरचं-खालचं काही नाही. ‘आयुक्त’बद्दल आईंना शंभर गुण. आपला आयुक्त सरकार नेमतं, तो महापालिकेचा कारभार हाकतो. तुमचा कमिशनर निवडून येतो आणि अंदाजपत्रक मंजूर करतो. शब्दकोशात जोडी जुळते, खुर्ची जुळत नाही.

सातारा
फ्रीहोल्डरला, म्हणजे स्वतःच्या मालकीची जमीन असलेल्याला, मात्र आपला अस्सल शब्द आहे, मिरासदार. पूर्वी आपल्याकडे गावात दोन थरांचे कुणबी असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, ती विकताही येई आणि गोतसभेत त्याच्या शब्दाला वजन असे. उपरी दुसऱ्याची किंवा पडीक जमीन ठरावीक मुदतीने कसणार, मुदत संपली की पुढचं गाव. न्यू जर्सीत १७९८ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीत ‘बोर्ड ऑफ चोझन फ्रीहोल्डर्स’ बसलं, म्हणजे निवडलेल्या मिरासदारांचं मंडळ. एकेका टाउनशिपमधून, म्हणजे काउंटीतल्या गावातून, दोघं जात. कर बसवायचा तर तो भरणाऱ्या जमीनवाल्यांनीच बसवावा, असा त्यामागचा हिशेब.

एडिसन
‘मिरासदार’ आवडला. पण हे नाव इतकी वर्षं टिकलं कसं?

जर्सी सिटी
सवयीने, दुसरं काय! जमिनीची अट कधीच गेली, पाटी राहिली. दुसऱ्या कुठल्याच राज्यात हे नाव उरलं नव्हतं. गंमत म्हणजे इथल्या १७७६ च्या राज्यघटनेत ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या ‘सर्व रहिवाशांना’ मत होतं. त्यामुळे मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा स्त्रिया, मुक्त कृष्णवर्णीयही मत देत. १८०७ मध्ये कायदा करून ते काढून घेतलं आणि मत गोऱ्या पुरुषांपुरतं ठेवलं. हा इतिहास त्या शब्दाला चिकटलेला. २०२० च्या उन्हाळ्यात वंशभेदाविरुद्ध आंदोलनं पेटली तेव्हा हे नाव बदलण्याची जुनी मागणी जोरात आली. ऑगस्टमध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांनी कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी २०२१ पासून एकवीसही काउंट्यांत ‘कमिशनर’ झाले. मॉनमथ काउंटीचं मुख्य ठिकाण मात्र अजूनही फ्रीहोल्डच!

नागपूर
थोडं विषयांतर. लुइझियानात काउंटीला ‘पॅरिश’ म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी तिच्या मंडळाला ‘पोलीस ज्युरी’. ना पोलीस, ना ज्युरी. टेक्ससात ‘कमिशनर्स कोर्ट’, केंटकीत ‘फिस्कल कोर्ट’, आणि तिथे बसून रस्त्यांची कामं मंजूर करतात. कॅलिफोर्नियात सुपरवायझर. नावावरून अर्थ लावायला गेलात तर फसलात.

सातारा
‘काउंटी’ तरी कुठे सरळ आहे? मूळ अर्थ काउंटचा, म्हणजे सरदाराचा मुलूख. अमेरिकेत सरदार नाहीत, काउंट्या मात्र आहेत. आपले परगणे गेले तरी देशमुख आडनाव राहिलंच की.

पुणे
मग ‘काउंटी मंडळ’ आणि ‘मंडळ सदस्य’ म्हणा. ‘जिल्हा परिषद’ जवळची आहे, पण परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी राज्य सरकार पाठवतं. एडिसनच्या मिडलसेक्स काउंटीत प्रशासकाला मंडळच नेमतं. एसेक्स, हडसनसारख्या पाच काउंट्यांत कारभारी वेगळा निवडून येतो आणि मंडळाकडे मुख्यतः विधिमंडळाचं काम उरतं. तिथे ‘विधायी मंडळ’ शोभेल.

एडिसन
आईला ‘काउंटी मंडळाचे सदस्य’ असं वाचून दाखवलं. ऐकून म्हणाली, “म्हणजे झेडपी मेंबर! मग सरळ सांग की.”

पुणे
चालेल. फक्त त्यांना सांगा, झेडपीसारखा प्रत्येक मेंबरचा वेगळा गट, म्हणजे मतदारसंघ, तिथे नसतो. मिडलसेक्सच्या सातही जागांना अख्खी काउंटी मत देते, मुदत तीन वर्षांची, आणि दरवर्षी त्यातल्या दोन-तीनच जागा मतपत्रिकेवर येतात. नाहीतर “बाकीचे मेंबर कुठे गेले?” म्हणून विचारतील.