डांबरगोळ्या, काळी शू आणि ‘नॉर्मल’ आलेला रिपोर्ट

चिकूची_आई
मुलगा सव्वा वर्षाचा. डिसेंबरात साताऱ्याला माहेरी गेलो होतो. थंडी कडक, म्हणून आईनं माळ्यावरच्या ट्रंकेतून माझ्या लहानपणची दुलई आणि दोन स्वेटर काढले, ऊन न दाखवताच. दोन रात्री तो त्यातच झोपला. डांबरगोळ्यांचा वास येत होता, पण आजोळी तो यायचाच, म्हणून मीही काही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी डायपर काढला तर शू कोऱ्या चहासारखी. डोळे पिवळट, ओठ पांढरेफटक. एरवी घर डोक्यावर घेणारा मुलगा खांद्यावर मान टाकून पडलेला. जवळच्या डॉक्टरांनी कावीळ सांगितली, शेजारच्या काकूंनी काविळीची माळ आणून दिली. रात्री धाप लागली तेव्हा मोठ्या दवाखान्यात धावलो. हिमोग्लोबिन ५.८! महिन्यापूर्वी ११.१ होतं. शंभर मिली रक्त चढवलं, पाच दिवसांनी सोडलं.

डॉक्टर म्हणाले, हिमोलिटिक ॲनिमिया (लाल पेशी फुटून रक्त कमी होणं), बहुतेक जी-६-पीडी हे लाल पेशींना जपणारं एन्झाइम कमी असल्यामुळे. पण त्याचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आलाय. सासूबाई म्हणतात, मग आता पथ्य कशाला? फाइलमधलं बाकीचं: रेटिक ९ टक्के, एलडीएच १४००च्या वर, बिलिरुबिन ४.६ (त्यात इनडायरेक्ट ४.०), डायरेक्ट कूम्ब्स निगेटिव्ह, लघवीत ब्लड तीन प्लस पण आरबीसी शून्य. कुणी समजावून सांगेल का?

भटका_पुणेकर
घाबरू नका. बीट, खजूर आणि लोहाचं टॉनिक. महिन्यात रक्त भरतं, आमच्या पुतण्याचं भरलं.

सूक्ष्मदर्शी
पुतण्याचं लोह कमी असेल. इथे लोहाचा काही संबंध नाही, रक्त बनतंय भरपूर पण फुटतंय. लोह द्यायचं की नाही हे फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) बघून डॉक्टर ठरवतील.

मी सत्तावीस वर्षं लॅबमध्ये काढली, आता निवृत्त. तुमची फाइल वाचते. रेटिक म्हणजे नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी. आम्ही निळा रंग घालून त्या हाताने मोजायचो, एक-दोन टक्के असल्या की पुढची स्लाइड. नऊ म्हणजे हाडांतला मगज रात्रपाळी करतोय. एलडीएच आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन हा फुटलेल्या पेशींचा राडारोडा. आणि लघवीत पट्टी ‘ब्लड’ म्हणते पण भिंगाखाली एकही पेशी नाही, याचा अर्थ लघवीतून नुसतं हिमोग्लोबिन वाहतंय. लिव्हरच्या काविळीत हे दिसत नाही. कूम्ब्स पॉझिटिव्ह असती तर शरीर स्वतःच्याच पेशींवर उठलंय म्हणून स्टिरॉइड सुरू केली असती. तुमची निगेटिव्ह आहे. स्मिअरवर (काचेवर पसरून भिंगाखाली पाहिलेलं रक्त) ‘बाइट सेल’ लिहिलंय का बघा. भाकरीचा एक घास तोडून ठेवावा तशी पेशी दिसते.

आता तो ‘नॉर्मल’. हे एन्झाइम पेशीच्या वयाबरोबर संपत जातं. डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनने आधी म्हाताऱ्या पेशी फोडल्या, उरल्या कोवळ्या, ज्यांच्यात साठा जास्त. तपासणीला त्याच आल्या. एक सांगा, नमुना रक्त चढवण्याआधीचा की नंतरचा?

चिकूची_आई
नंतरचा! बाइट सेल लिहिलंय. आणि आज आईशी बोलताना कळलं, माझ्या सख्ख्या भावाला कॉलेजात असताना हिवताप झाला होता. चौदा दिवसांच्या गोळ्या सुरू केल्यावर शू काळी होऊन तो पिवळा पडला होता. तेव्हा सगळे म्हणाले, ताप लिव्हरवर गेला.

सूक्ष्मदर्शी
मग तुम्ही दात्याचं रक्त मिसळलेला नमुना तपासलात. त्या चौदा दिवसांच्या गोळ्या बहुतेक प्रायमाक्विन. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, मुलाला तो आईकडूनच येतो. त्यामुळे मामा आणि भाचा ही जोडी आम्हाला ओळखीची. (सासूबाईंना हे सांगताना जपून. वाहक असणं हा कुणाचा गुन्हा नाही.) मुंबईतल्या पारशी घरांत हे इतकं माहीत असतं की आया स्वतःहून सांगायच्या.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, भावाचीही करा. तोवर दोष आहे असंच धरून चाला. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा: प्रायमाक्विन, टॅफेनोक्विन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन, रासब्युरिकेज, मिथिलीन ब्लू नको. तापाला पॅरासिटामॉल नेहमीच्या मात्रेत चालतं. लग्नात हौसेने मेंदी लावू नका, बाळांना तिनेही त्रास झालेला आहे. फॉलिक ॲसिड दिलं असेल तर चालू ठेवा. ताप आला की डायपरकडे लक्ष, शू काळपट दिसली की रात्र असो की दिवस, दवाखाना.

कोकणस्थ_खवय्या
नेटवर ‘फावा बीन्स’ बंद लिहिलंय. म्हणजे वाल का? आमच्याकडे बिरड्याशिवाय श्रावण जात नाही, आणि मुलाला हाच दोष आहे.

सूक्ष्मदर्शी
फावा म्हणजे बाकला. वाल वेगळे. बाकला बंद, बिरडं खा.

चिकूची_आई
आईनं ट्रंक रिकामी केली. गोळ्या फेकल्या, कपडे दोनदा धुऊन वाळत घातलेत. दुलई मात्र मी परत आणणार नाही. तपासणी मार्चअखेरीस, रिपोर्ट आला की इथेच टाकते.