मदत हवी आहे: ईसीजीच्या लीड २, ३, एव्हीएफमध्ये एसटी वर आणि एक्स-रेवर मेडिआस्टिनम (छातीचा मधला भाग) रुंद, लायसिस (गुठळी विरघळवणारं औषध) द्यावं का?

नवीन_एमओ
ग्रामीण रुग्णालयात रात्री कार्डिओलॉजिस्ट नसतो, कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची सोय) अडीच-तीन तासांवर असते. निर्णय ड्युटीवरच्या एमओलाच (वैद्यकीय अधिकाऱ्यालाच) घ्यावा लागतो. तीन ठिकाणी गाडी अडते:
१) लीड २, ३, एव्हीएफमध्ये एसटी (क्यूआरएस आणि टी लाटांमधला भाग) दीड-दोन मिमी वर असेल, तर इन्फिरिअर एमआय (हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक) की पेरिकार्डायटिस (हृदयावरच्या आवरणाची सूज) हे कागदावर नेमकं कुठे बघायचं?
२) छातीत दुखतंय म्हटलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट (नायट्रेटची गोळी) दिली जाते. ती कधी अंगाशी येते?
३) पोर्टेबल एक्स-रेवर मेडिआस्टिनम रुंद वाटलं तर लायसिस थांबवायचं का?

पंचवीस_मिमी
निदानाआधी कागद तपासा. वेग २५ मिमी प्रति सेकंद आहे ना? कॅलिब्रेशनचा ठोकळा १० मिमी, म्हणजे दोन मोठ्या चौकटी उंच आहे ना? मशीन हाफ स्टँडर्डवर राहिलं असेल तर दोन मिमीचा एसटी एकच मिमी दिसतो आणि सहज सुटतो.

मग लीड १. त्यात ठोक्याच्या पी, क्यूआरएस, टी या तिन्ही लाटा उलट्या असतील तर बहुधा हातांच्या क्लॅम्पची अदलाबदल झालेली असते. तेव्हा लीड २ आणि ३ एकमेकांच्या जागी जातात, एव्हीएल आणि एव्हीआरही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मुख्यतः एव्हीएलमध्ये आहे, त्यामुळे असा ईसीजी वाचत बसू नका, पुन्हा काढा. छातीच्या लीड्समध्ये आर (क्यूआरएसचं वरचं टोक) व्ही१कडून व्ही६कडे लहान होत जात असेल तर मात्र डेक्स्ट्रोकार्डियाचा (हृदय उजवीकडे असण्याचा) विचार करा.

एसटी जे पॉइंटला (क्यूआरएस संपतो तिथे) मोजा, टी वेव्हच्या चढावर नाही.

खालची_भिंत
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एव्हीएल. लीड ३ बघते +१२० अंशांवरून, एव्हीएल −३० वरून. दोघी जवळजवळ समोरासमोर असल्याने इन्फिरिअर एमआयमध्ये ३ वर गेली की एव्हीएल खाली येते. कधीकधी हा खालचा बदल आधी दिसतो आणि २, ३, एव्हीएफ नंतर उचलतात. म्हणून शंका असेल आणि दुखणं चालू असेल तर दर १५ ते ३० मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढा. एका ईसीजीवर पेशंटला घरी पाठवणं धोक्याचं आहे.

पेरिकार्डायटिसमध्ये एसटी सगळीकडे वर असतो: १, २, एव्हीएल, एव्हीएफ, व्ही२ ते व्ही६. खाली असतो तो एव्हीआरमध्ये, फार तर व्ही१मध्ये. लीड २मधली उंची ३पेक्षा जास्त असते. ३मधली उंची २पेक्षा जास्त असेल तर पेरिकार्डायटिस विसरा, बहुधा उजवी कोरोनरी (हृदयाला रक्त देणारी धमनी) बंद आहे. पीआर (पी आणि क्यूआरएसमधला भाग) खाली गेलेला दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, तो एमआयमध्येही दिसू शकतो.

आता सॉर्बिट्रेट. इन्फिरिअर दिसला की लगेच व्ही४चा इलेक्ट्रोड उजव्या बाजूला त्याच जागी लावा: पाचवी इंटरकॉस्टल स्पेस (बरगड्यांमधली फट), मिडक्लॅव्हिक्युलर रेषा (कॉलरबोनच्या मध्यातून खाली). मशीन 'व्ही४'च छापतं, म्हणून तिथल्या तिथे पेनाने 'व्ही४आर' लिहा. नाहीतर पुढच्या रुग्णालयात चुकीचा अर्थ निघतो. तिथे एसटी अर्धा मिमी वर असला (तिशीच्या आतल्या पुरुषात एक मिमी) तरी उजवं व्हेंट्रिकल (हृदयाचा खालचा कप्पा) अटॅकमध्ये सापडलंय असं समजा. ते परत येणाऱ्या रक्ताच्या भरण्यावर चालतं, नायट्रेटने भरणा घटतो आणि बीपी कोसळतं. सिस्टॉलिक (वरचं बीपी) ९०च्या खाली असेल किंवा २४ तासांत सिल्डेनाफिल (व्हायग्रा), ४८ तासांत टाडालाफिल घेतली असेल, तरीही नायट्रेट नको. बीपी कमी आणि फुप्फुसं स्वच्छ असतील तर नॉर्मल सलाइन २५० मिलि देऊन पुन्हा बीपी बघा.

नवीन_एमओ
एव्हीएलचं नीट कळलं. समजा एव्हीएल खाली, व्ही४आर सपाट आणि एक्स-रे रुंद. मग?

काळी_फिल्म
प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण वरच्या महाधमनीचं डिसेक्शन (भिंत आतून चिरणं) उजव्या कोरोनरीच्या मुखापर्यंत पोहोचलं तर ईसीजी हुबेहूब इन्फिरिअर एमआयसारखा दिसतो. त्यावर लायसिस दिलं तर जीव जाऊ शकतो.

पण पोर्टेबल फिल्म एपी (किरण पुढून मागे) असते. हृदय आणि मेडिआस्टिनम प्लेटपासून लांब पडतात, सावली मोठी होते, आडव्या पेशंटमध्ये आणखी पसरते. क्लॅव्हिकलची (कॉलरबोनची) आतली टोकं स्पायनस प्रोसेसपासून (मणक्याच्या मागच्या टोकापासून) सारख्या अंतरावर आहेत का बघा. नसतील तर पेशंट फिरलेला आहे. मेडिआस्टिनम रुंद ठरवायचा आठ सेंटिमीटरचा आकडा अशा फिल्मवर एकटा उपयोगाचा नाही. एऑर्टिक नॉबची (महाधमनीच्या कमानीच्या सावलीची) कड पुसली आहे का, श्वासनलिका उजवीकडे सरकली आहे का, डाव्या बाजूला पाणी आहे का, हे बघा. जुना एक्स-रे नातेवाइकांच्या पिशवीत असतोच, तो शेजारी धरा.

आणि एक्स-रे नॉर्मल म्हणजे डिसेक्शन नाही, असंही नाही. खरा शोध पेशंटजवळच लागतो: दुखणं क्षणात कमाल तीव्रतेला गेलं का, पाठीत फाटल्यासारखं होतंय का, दोन्ही हातांच्या सिस्टॉलिकमध्ये २०पेक्षा जास्त फरक आहे का, एखादी नाडी लागत नाही का, एऑर्टिक रिगर्जिटेशनचा (महाधमनीची झडप गळण्याचा) नवा मर्मर आहे का. यातलं काही असेल तर लायसिस आणि हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) दोन्ही थांबवा, सीटी अँजिओ होईल तिथे पाठवा. यातलं काहीच नसेल, नॉबची कड स्पष्ट असेल, दुखणं १२ तासांच्या आतलं असेल आणि लायसिसला दुसरी मनाई नसेल, तर निव्वळ एपी फिल्मच्या रुंदीमुळे अडू नका. डिसेक्शनची शंकाच नसेल तर एक्स-रेची वाटही बघू नका.

नवीन_एमओ
लायसिस लागू पडलं हे कशावरून ठरवायचं?

खालची_भिंत
६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी. ज्या लीडमध्ये एसटी सर्वांत उंच होता तिथेच मोजा, निम्म्याहून अधिक उतरला पाहिजे. नसेल तर रेस्क्यू अँजिओप्लास्टीसाठी लगेच हलवा. पण अॅम्ब्युलन्स या ईसीजीसाठी अडवून धरू नका, लायसिस सुरू होताच कॅथलॅबशी बोलून ठेवा. लागू पडलं तरी अँजिओग्राफी २४ तासांच्या आत व्हायला हवी. सोबत सगळे ईसीजी द्या, प्रत्येकावर वेळ आणि त्या वेळी दुखत होतं की नाही हे लिहून.